सापाचं नर-मादी सारखं चुकतंय? आधी शेपटीचा खालून फोटो काढा

बडोद्यात साप रेस्क्यू करणाऱ्या मुलामुलींच्या नोंदी नीट लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि त्यात दर पावसाळ्यात एक कॉलम हमखास बिघडलेला सापडतो, तो म्हणजे नर का मादी. जात बरोबर असते, जागा बरोबर असते, लांबीसुद्धा बऱ्यापैकी बरोबर असते, पण हा कॉलम जो तो आपल्या मनाने भरून मोकळा होतो. वाघोडिया रोडवर पकडलेली एक धामण पकडणाऱ्याने मादी लिहिली आणि तीच संध्याकाळी सोडायला नेणाऱ्याने नर लिहिली, हे प्रकार नेहमीचे आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तर पाणी घरात, साप घरात, फोन थांबत नव्हते, त्या दिवसांत हा कॉलम बघायला कोणाला वेळ होता, ते मी समजू शकते. पण एरवीही तेच होतं म्हणून हे एकदा सविस्तर लिहितेय.

तुमच्या रजिस्टरमध्ये हा बिघाड आहे का ते आधी तपासा. सगळ्या धामणी मादी आणि सगळे नाग नर लिहिलेले असतील तर कोणी खाली वाकून बघितलेलंच नाही असं समजा. लांब ते सगळे नर आणि जाड त्या सगळ्या मादी असं दिसत असेल तरी तेच. आणि पूर्ण वर्षाच्या नोंदींत "कळलं नाही" हा शब्द एकदाही नसेल तर मग खात्रीच झाली, कारण प्रत्यक्षात बघणाऱ्या माणसाला बऱ्याच सापांचं कळत नाही.

कोणी म्हणेल काय फरक पडतो, साप पकडला, सोडला, झालं. फरक पडतो. उन्हाळ्यात पोटात अंडी असलेली नागीण पिशवीत दिवसभर गाडीच्या डिकीत राहिली तर तिचे हाल होतात, तिला लवकर आणि जवळच सोडायला हवं, आणि तुम्ही तिला "मोठा नर, भरपूर खाल्लेला" म्हणून लिहिलं असेल तर घाई कोण करणार? दुसरं म्हणजे घरच्यांना दिलेलं उत्तर. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात साप निघाला की काकू पहिला प्रश्न हाच विचारतात, "अहो दादा, ही मादी आहे का? मग आता नर येईल ना मागून?" आणि शेजारचे गुजराती काका लगेच म्हणणार, "बीजो पण आवशे, जोडी हशे." तिथे तुम्ही काहीतरी ठोकून दिलंत की ते घर पुढे महिनाभर झोपत नाही.

आता चूक कुठून येते ते बघू.

सगळ्यात जुनी समजूत म्हणजे धामण ही नागाची बायको. आपल्याकडेही आहे, गुजरातीतही आहे, कोकणात गेलात तरी तेच ऐकाल. धामण आणि नाग ह्या दोन पूर्ण वेगळ्या जाती आहेत, त्यांची कुळंसुद्धा वेगळी, धामणीत धामणीचे नर असतात आणि नागांत नागांच्या माद्या असतात. नवीन आलेली मुलं हे सगळं पाठ म्हणून दाखवतात, पण फॉर्म भरताना हात आपोआप "धामण, मादी" लिहितो. लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते इतक्या सहज जात नाही.

मग लांबी. लांब म्हणजे नर हे काही जातींत खरं आहे आणि काहींत अगदी उलटं आहे, म्हणून त्याचा उपयोग शून्य. ऑस्ट्रेलियाचे साप-अभ्यासक रिक शाइन ह्यांनी 1978 मध्ये ह्या विषयावर लिहिलं होतं, त्यातला मुद्दा असा की ज्या जातींत नर एकमेकांशी कुस्ती खेळतात तिथे नर मादीएवढे किंवा तिच्याहून मोठे असण्याकडे कल असतो, आणि जिथे कुस्ती नाही तिथे बहुतेक वेळा मादी मोठी, कारण मोठ्या अंगात जास्त पिल्लं मावतात. आपल्या धामणीत नर मोठे होतात. आणि आपली दिवड, ती सुरसागरच्या काठाला किंवा कुठल्याही नाल्यात दिसते ती, तिच्यात मादी नरापेक्षा चांगलीच दांडगी असते. म्हणजे एकाच दिवशी एकाच माणसाने "मोठा म्हणजे नर" हा नियम लावला तर धामणीला कधीतरी बरोबर येईल आणि दिवडीला जवळजवळ नेहमी चुकेल.

रंग, फण्यावरचा चष्मा, फण्याची रुंदी, डोक्याचा आकार, ह्यातल्या कशावरूनही आपल्याकडच्या सापांचं नर-मादी ठरत नाही. फणा नर आणि मादी दोघंही काढतात. मादागास्करमध्ये लांगाहा नावाचा साप आहे, त्यात नराचं नाक टोकदार आणि मादीचं पानासारखं पसरट कातरलेलं, तिथे लांबूनच कळतं. आपल्याकडे तशी सोय नाही.

आणखी एक चूक जरा शिकलेल्या मुलांची. व्हेंटवरचा खवला, म्हणजे पोटाच्या शेवटी ते आडवं छिद्र असतं त्यावरचा शेवटचा खवला, काही सापांत अखंड असतो आणि काहींत मधून दुभागलेला. ह्यावरून कोणीतरी काढलं की दुभागलेला म्हणजे मादी. तसं नाही. नाग, मण्यार, घोणस ह्यांच्यात तो अखंड असतो, धामण आणि दिवडीत दुभागलेला, आणि हे नर-मादी दोघांत सारखंच. तो जात ओळखायला उपयोगी आहे, लिंग ओळखायला नाही.

मग बघायचं काय? शेपटी. सापाची शेपटी कुठे सुरू होते हेच पुष्कळांना माहीत नसतं, त्यांना अख्खा सापच शेपटी वाटतो. ते आडवं छिद्र, पुस्तकात ज्याला अवस्कर म्हणतात, त्याच्या मागे शेपटी सुरू होते. त्याच्या पुढे पोट, बरगड्या, आतडी, सगळं, आणि मागे फक्त शेपटी. नर-मादीचा बाहेरून दिसणारा जवळजवळ सगळा फरक ह्या छिद्राच्या मागच्या चार बोटं जागेत आहे.

कारण असं. नराच्या शेपटीत छिद्राच्या लगेच मागे, डाव्या उजव्या बाजूला, दोन हेमिपेनिस, म्हणजे नराची जननेंद्रियं असतात. प्रत्येक म्हणजे एक पोकळ नळी, मोज्याचं टोक आत ढकलून ठेवावं तशी उलटी होऊन शेपटीत मागे पडून राहिलेली. तिच्या मागच्या टोकाला एक लांब स्नायू असतो, तो शेपटीच्या मणक्यांना जोडलेला, आणि काम झालं की तो तिला परत आत ओढतो. मीलनाच्या वेळी रक्त आणि लसिका भरून दोघांपैकी एकच बाहेर येते, जी मादीच्या बाजूला असेल ती. तिच्यावर काटे असतात, घड्या असतात, आणि शुक्राणू वाहून नेणारी एक पन्हळ असते. प्रत्येक जातीत तिचा आकार इतका वेगळा असतो की सापांचं वर्गीकरण करणारे लोक तिची बारीक चित्रं काढून ठेवतात.

आता एवढं सगळं सामान शेपटीत ठेवायचं तर जागा लागणार. म्हणून नराची शेपटी छिद्राच्या मागे थोडं अंतर तशीच जाड राहते आणि मग हळूहळू बारीक होते, आणि एकूण अंगाच्या मानाने लांबही असते. मादीच्या शेपटीत गंधग्रंथी असतात (त्या नरातही असतात), थोडी चरबी, स्नायू, म्हणून छिद्र संपल्यावर ती एकदम निमुळती होते आणि आखूड राहते. उलट मादीला अंड्यांसाठी किंवा पिल्लांसाठी पोटात जागा हवी, म्हणून तिचं धड लांब, आणि पोटावरच्या आडव्या खवल्यांची संख्या बऱ्याच जातींत सरासरीने जास्त. नरात पोटाचे खवले कमी, शेपटीखालचे जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातूनच निघतं.

अंगाच्या आत म्हणाल तर जागा इतकी अरुंद की जोडीतले अवयव शेजारी शेजारी मावतच नाहीत, उजवं वृषण किंवा उजवा अंडाशय पुढे आणि डावा मागे, मूत्रपिंडाचंही तेच. पण ते आपल्याला बाहेरून दिसत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

प्रत्यक्षात कसं करायचं. बिनविषारी साप असेल आणि तुम्हाला हाताळायची सवय असेल तर एकाने अंगाला आधार द्यायचा आणि दुसऱ्याने शेपटीचा खालून फोटो काढायचा, छिद्राच्या आधीचे चार-पाच खवले आणि मागे पार टोकापर्यंत सगळी शेपटी एका फोटोत सरळ यायला हवी. वाकडी शेपटी, वळलेली शेपटी, बोटाखाली दबलेली शेपटी, ह्यांचा फोटो कामाचा नाही. विषारी साप असेल तर हे अजिबात करायचं नाही. साप पारदर्शक बरणीत किंवा डब्यात गेला की डबा उचलून खालून फोटो घ्या, तो भिंतीला अंग टेकवून वर चढायला बघतो तेव्हा पोट आणि शेपटी आपोआप समोर येते. थोडं थांबावं लागतं. नाही आला फोटो तर नाही आला, कॉलमात "कळलं नाही" लिहा आणि साप सोडा. लिंग कळावं म्हणून नागाची शेपटी हातात धरून उलटी करणारी मुलं मी बघितली आहेत, आणि ते बघताना माझा जीव टांगणीला लागलेला असतो. त्या कॉलमासाठी कोणी हात गमवावा एवढी त्याची किंमत नाही, खरंच नाही.

फोटो आला की दोन गोष्टी बघायच्या. पहिली, छिद्राच्या लगेच मागची जाडी. छिद्राच्या आधीची आणि मागची रुंदी जवळपास सारखी आहे आणि काही खवले तशीच चालते का, की लगेच खांदा पडल्यासारखी आत जाते. दुसरी, खवले मोजायचे. शेपटीखालचे खवले धामण, दिवड, नाग, घोणस ह्यांच्यात जोडीजोडीने असतात, मण्यार आणि फुरशाच्या शेपटीखाली मात्र एकेरी. जोडी एक धरायची, छिद्राच्या मागच्या पहिल्या पूर्ण जोडीपासून सुरुवात आणि टोकाचा सुई-खवला सोडून द्यायचा. धामणीत हा आकडा 100 च्या आसपास आणि वर जातो, घोणशीत साधारण 40 ते 60 च्या दरम्यान राहतो, म्हणजे आधी जात नक्की करा आणि मगच आकड्याकडे बघा. त्या जातीच्या पल्ल्यात आकडा वरच्या टोकाला असेल आणि शेपटीची बैठक, म्हणजे छिद्राच्या लगेच मागचा भाग, जाड असेल तर नर, दोन्ही खालच्या बाजूला असतील तर मादी. मधे असेल तर मधेच सोडून द्या, कारण नर आणि मादीचे आकडे एकमेकांत मिसळतात.

खवले मोजण्याचा मोठा फायदा म्हणजे सापाच्या जन्मानंतर खवल्यांची संख्या बदलत नाही. जाडी वयावर असते, पिल्लांत जाडीचा फरक दिसतच नाही, पण खवले पिल्लाचे आणि मोठ्याचे तेवढेच. म्हणून कातसुद्धा कामाला येते. कात ओली असताना ताणली जाते, तिची लांबी मोजून काही उपयोग नाही, पण शेपटीचा भाग शाबूत असेल तर पाण्यात भिजवून वहीच्या पानावर पसरा आणि खवले मोजा. कॉलेजच्या मुलांना मी नेहमी कातीवरच शिकवते, साप घाबरत नाही, मुलं घाबरत नाहीत, आणि वाळलेल्या कातीवर त्या जोडखवल्यांची मधली नागमोडी रेघ इतकी स्वच्छ दिसते की एकदा बघितल्यावर विसरणार नाही.

मागच्या पावसाळ्यात मांजलपूरच्या एका सोसायटीच्या मीटरच्या खोलीत धामण निघाली होती, जाडजूड, सगळे म्हणाले पोटात अंडी आहेत, मादी. फोटो बघितला तर फुगवटा मधोमध आणि एकच, आणि शेपटी छिद्रानंतर पुष्कळ अंतर तेवढीच जाड. उंदीर खाल्लेला नर होता तो. अंडी असली तर फुगवटा अंगाच्या मागच्या भागात असतो, छिद्राच्या दिशेने, आणि एकामागे एक उंचवटे असतात. खाल्लेल्याचा फुगवटा पोटाच्या मध्यावर आणि एकसंध. ही खूण चांगली आहे, पण तीसुद्धा शेपटी बघितल्यावर.

आता हे सगळं करूनही चुकतं ते कुठे, ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त मेसेज त्याचेच येतात.

तुटकी शेपटी. धामण, दिवड, नानेटी ह्यांच्यात हे फार. मुंगूस, मांजर, कुत्रा, दाराची फट, कशानेही टोक जातं आणि जखम भरून बोथट होते. पालीसारखी सापाची शेपटी परत वाढत नाही. नराची शेपटी अर्धी गेली की लांबी आणि खवले दोन्ही मादीसारखे वाटतात. म्हणून टोक आधी बघा. टोकाला सुईसारखा अणकुचीदार खवला नसेल, त्या जागी गोल डाग किंवा गाठ असेल, तर आकडा लिहू नका, फक्त बैठकीच्या जाडीवर जे वाटेल ते आणि पुढे प्रश्नचिन्ह.

दुसरी अडचण आखूड शेपटीवाल्यांची. फुरशाची शेपटी मुळातच इतकी छोटी, एकूण लांबीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, की जाडीचा फरक फोटोत पकडणं अवघड जातं. मांडूळ आणि डुरक्या घोणसचं तर विचारूच नका, शेपटी फारच आखूड, त्यात मांडुळाची तर बोथट. पण तिथे दुसरी खूण आहे. अजगर, मांडूळ, डुरक्या घोणस ह्यांच्यात छिद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक नखी असते, मागच्या पायांचा उरलेला अवशेष. नरात ती मोठी आणि वळलेली, मादीत छोटी किंवा खवल्यात बुडालेली. नर मीलनाच्या वेळी मादीचं अंग ह्या नख्यांनी चाळवतो. मोठ्या अजगराच्या नराची नखी नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते, पण पिल्लांत आणि छोट्या मांडुळात भरवसा ठेवू नका.

वाळा. गोत्री, भायलीकडे पाऊस पडला की बाथरूमच्या जाळीतून ते गांडुळासारखं चकचकीत काळं जे निघतं आणि सगळे सापाचं पिल्लू म्हणून ओरडतात, तो. त्याच्या नोंदीत लोक नर लिहितात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ह्या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, गुणसूत्रांचे तीन-तीन संच असलेल्या, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. कुंडीतल्या मातीबरोबर एक जरी कुठे पोचली तरी तिथे नवी वस्ती होऊ शकते, म्हणून तर ती जगभर पसरली. वाळ्याच्या पुढे डोळे मिटून "मादी" लिहा, एवढी एकच नोंद न बघता लिहायची परवानगी आहे.

प्रोब. इंटरनेटवर बघून कोणीतरी विचारतंच, ताई, ती सळई घालून बघतात तसं करू का? नाही. एक गोल टोकाची बारीक सळई छिद्रातून शेपटीच्या दिशेने घालतात, नरात ती उलट्या हेमिपेनिसच्या नळीत खोल जाते, अजगरांत साधारण दहा-बारा खवल्यांपर्यंत, मादीत दोन-चार खवल्यांवर अडते. प्राणीसंग्रहालयातले डॉक्टर करतात, त्यांच्या हातात ते ठीक आहे. चुकीच्या जाडीची सळई किंवा थोडा जास्त जोर लागला की आतलं अस्तर फाटतं, जंतुसंसर्ग होतो, आणि तो साप तुम्ही संध्याकाळी सोडून देणार म्हणजे तो मेला तरी कोणाला कळणार नाही. पिल्लांची शेपटी अंगठ्याने दाबून हेमिपेनिस बाहेर काढायची जी पद्धत आहे तिचंही हेच. आणि रेस्क्यू म्हणजे साप उचलून सुरक्षित जागी सोडणं, वनखात्याला कळवून, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीत. त्याच्यावर प्रयोग करणं त्यात बसत नाही.

शिवाय सळईनेही चूक होते. घाबरलेल्या नराने स्नायू आवळले की ती आत जात नाही आणि मादी लिहिलं जातं. मादीच्या शेपटीत काहीच नसतं हेही खरं नाही. अॅडलेडच्या मेगन फॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 च्या डिसेंबरमध्ये नऊ जातींच्या माद्यांचा अभ्यास छापला, त्यात माद्यांना हेमिक्लिटोरिस, म्हणजे मादीचं शेपटीतलं जननांग असतं, चेतातंतू आणि रक्तपुरवठा असलेलं, हे पहिल्यांदा नीट दाखवलं. त्याआधी तोच अवयव कधी गंधग्रंथी तर कधी न वाढलेलं हेमिपेनिस म्हणून खपवला जात होता. नराच्या अवयवाची चित्रं शेकडो वर्षं निघत होती आणि मादीकडे नीट बघायला 2022 उजाडलं, ह्याची मला मनापासून खंत वाटते.

रस्त्यावर मेलेल्या सापाचे फोटो. "सापाला पाय फुटले" म्हणून फोटो येतो, हरणीकडच्या हायवेवरून, छाणीहून, कुठूनही. छिद्राजवळ दोन्ही बाजूंना लालसर, ओले, काटेरी दिसणारे दोन गोळे. ते पाय नाहीत, गाडीखाली अंग दाबलं गेल्यावर बाहेर आलेली दोन हेमिपेनिस आहेत. हा नर, शंभर टक्के, ह्यात शंका नको. फोटो, जागा, तारीख नोंदवा. फक्त मेलेला दिसणाऱ्या सापाच्या डोक्याजवळ हात नेऊ नका, मेल्यावरही काही काळ चावा बसू शकतो.

दोन साप एकमेकांना पिळा घालून उभे राहिलेत, लोक गोळा झालेत, कोणीतरी नवं कोरं कापड टाकायला धावतंय, आणि नोंद येते "एक नर, एक मादी, मीलन". धामणीत हा प्रकार जवळजवळ नेहमी दोन नरांची कुस्ती असतो. पुढचा भाग उचलून, एकमेकांना गुंडाळून, दुसऱ्याचं डोकं खाली दाबायचा प्रयत्न चालतो. मीलन असेल तर दोघं बहुतेक जमिनीवरच, नर मादीच्या पाठीवर अंग टेकवून, शेपट्या एकमेकींत आणि छिद्रं एकमेकांना लागलेली, आणि ते तासनतास शांत चालतं. अशा वेळी त्यांना पकडू नका, लोकांना मागे करा, आणि नोंदीत काय दिसलं ते लिहा, उभे होते की आडवे.

अंड्यांजवळ सापडलेला साप म्हणजे आई, हेही सरसकट धरू नका. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, नागीणही अंड्यांजवळ राहते, तिथे ते बरोबर आहे. पण कोंबडीच्या खुराड्यातल्या अंड्यांजवळ बसलेला नाग खायला आलेला असतो, तो नरही असू शकतो. सापाची अंडी मऊ, चामड्यासारखी आणि बहुतेक एकमेकांना चिकटलेली असतात, हात न लावता एवढं बघता येतं.

आणि बडोद्यात हमखास येणारा प्रश्न, मगरीसारखं सापाचंही तापमानावर ठरतं का? आपल्या विश्वामित्रीतल्या मगरींचं अंडी उबण्याच्या तापमानावर ठरतं, 28 ते 31 अंशांत माद्या आणि 32.5 च्या आसपास नर. सापात तसं नाही, ते गुणसूत्रांवर ठरतं. नाग, धामण, घोणस ह्यांच्यात मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं, नराकडे दोन्ही झेड, म्हणजे माणसाच्या उलट. ह्या डब्ल्यूवरचा एक डीएनएचा तुकडा आपले शास्त्रज्ञ लालजी सिंग ह्यांनी पट्टेरी मण्याराच्या मादीत शोधून 1980 मध्ये छापला होता. तेव्हा ह्या वर्षी ऊन जास्त म्हणून नर जास्त, असं काही लिहू नका.

काकूंना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. साप जोडीने राहत नाहीत आणि बदला घेत नाहीत. मीलनाच्या दिवसांत मादीच्या अंगाचा वास जमिनीवर राहतो आणि नर जिभेने तो माग काढत त्याच वाटेने येऊ शकतो, एवढंच खरं. म्हणून फरशी फिनेलने पुसून घ्या, फटी बुजवा, उंदीर आवरा, आणि निर्धास्त झोपा. आणि साप चावला असेल तर नर होता की मादी हे विचारत बसू नका, उपचार एकच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, वेळ न घालवता सरळ एसएसजीला, म्हणजे बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात न्या.

रजिस्टरमध्ये आता मी दोन कॉलम केलेत. पहिल्यात नर, मादी किंवा कळलं नाही. दुसऱ्यात कशावरून: शेपटीची जाडी, खवल्यांचा आकडा, नखी, हेमिपेनिस दिसलं, अंडी दिसली, ह्यांपैकी जे असेल ते, आणि शेपटी अखंड की तुटकी. दुसरा कॉलम रिकामा असेल तर पहिल्यातलं उत्तर मी खोडून "कळलं नाही" करते, मग लिहिणारा कितीही जुना असो. जुन्या नोंदींचंही तसंच करा. ज्यांचे शेपटीचे फोटो मोबाइलमध्ये पडून आहेत त्या परत मोजा, ज्यांचे नाहीत त्या कोऱ्या करा. मोजताना अडलात तर फोटो न कापता, मूळ साइजमध्ये, जात आणि एकूण लांबी लिहून पाठवा. मी रात्री बसून मोजून देते.